रायपुरात आईला हाक मारताना

पुण्याहून रायपूरला हौसेनं फिरायला कोणी जात नाही. मी जाऊन आलो हे कळल्यावर लोक विचारतात, काय पाहिलंत? सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नसतं. तळी पाहिली, पण पाण्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. तिकडचे खास पदार्थ ताटात आले, पण चव कळली ती अगदी शेवटी. मी गेलो होतो आईला शोधायला. ती हरवली होती, आणि सापडेपर्यंत त्या शहरातलं जे जे दिसलं ते मी भीतीच्याच डोळ्यांनी पाहिलं. तरीही हे लिहितोय, कारण तिथली एक रीत आम्हाला ठाऊक असती तर ती एक रात्र तरी वाचली असती.

मी जात्याच भित्रा. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यावरून परत फिरणाऱ्यांतला. पुण्यात जपानी शिकवतो. पहिल्या तासाला फळ्यावर जपानीतली दोन अक्षरं लिहून वर्गाकडून वाचून घेतो. मुलं वाचतात, "आ-इ", आणि हसतात. मग मी सांगतो की जपानीत ह्याचा अर्थ प्रेम. हे एकदा आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग बाकीच्या भाषांमध्ये मी कोण आहे तेही बघ की." तेव्हापासून दर रविवारी फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज माझा अर्थ काय?"

मी आठवडाभर शोधून ठेवायचो. पोर्तुगीज माणूस "आई" म्हणतो तेव्हा तो "तिथे" म्हणत असतो. हवाई बेटांवर तो शब्द खाण्याचा आहे, आणि हे आईला मनापासून पटलं. फ्रेंच लोक लसणाला साधारण असंच म्हणतात हे कळल्यावर पुढचे कितीतरी दिवस ती फोन उचलून "लसूण बोलतोय" म्हणायची. फिनलंडमध्ये ठेच लागली की तोंडातून हाच आवाज निघतो. "म्हणजे आपल्यासारखंच," ती म्हणाली. हिंदीतला अर्थ मात्र मला तिला सांगावा लागला नाही, तो तिनेच मला सांगितला होता. तिचं लहानपण रायपूरचं. आजोबा मूळचे अमरावतीकडचे, नोकरीला रेल्वेत, आणि राहायला गुढियारीजवळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. तिथे वाढलेली मुलगी लग्न होऊन पुण्यात आली आणि सासरच्यांनी हसू नये म्हणून तिने आपली बोली इतकी पक्की मिटवून ठेवली, की ती कधी पुण्याबाहेर राहिली असेल हे आम्हा भावंडांना खरंच वाटत नसे.

भाऊजींची बदली नवा रायपूरमधल्या एका कार्यालयात झाली, तेव्हा ताईने शहरात चौबे कॉलोनीत घर भाड्याने घेतलं आणि आईला सोबत नेलं. आई विसरायला लागलीच होती. रायपूरला गेल्यावर कालचं पुसत गेलं आणि जुनं वर आलं. पुणेरी बोलणं गळून पडलं, "मले", "तुले" सुरू झालं. "भोजली वाट पाहून राहिली. मले तरियावर जायचं आहे," असं फोनवर म्हणायची. तरिया म्हणजे तिकडे तळं. भोजली तिची लहानपणची मैत्रीण, एवढं आम्हाला माहीत होतं. जायचं जायचं म्हणत ताईकडून नेणं राहून गेलं होतं.

शेवटच्या त्या रविवारी मी तिला व्हिएतनामी अर्थ सांगितला. "तिकडे आई म्हणजे 'कोण'."  ती म्हणाली, "बरोबर आहे. मलेही आजकाल समजत नाही, कोण ते." मी हसलो. 

बुधवारी सकाळी ताईचा फोन आला. "नंदू, आई घरात नाहीये."

चौबे कॉलोनी

मी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कॉलोनी आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या, बऱ्या वस्तीसारखी. दुमजली घरं, गच्चीत वाळत घातलेले स्वेटर, कोपऱ्यावर चहाची टपरी. थंडी मात्र पुण्यापेक्षा बोचरी होती, आणि मला पहिला विचार आला तो आईच्या शालीचा.

शाल घरातच होती. ताईने ती मांडीवर घेतली होती. ती पुन्हा पुन्हा एकच सांगत होती. "मी आंघोळीला गेले, बाहेर आले तर दार उघडं. अंगावर नुसतं जांभळं लुगडं. शाल नाही घेतली, गोळ्या नाही घेतल्या. पण चपला घातल्यात, नंदू. चपला घालून गेलीय म्हणजे ठरवून गेलीय." चपला घातल्या ही चांगली गोष्ट की वाईट, हे आम्हा दोघांनाही ठरवता येत नव्हतं.

भाऊजी पोलीस ठाण्यात जाऊन आले होते. फोटो दिला होता, ओळखीची खूण दिली होती, डाव्या हातावर हिरवं गोंदण. कॉलोनीच्या, ऑफिसच्या, मराठी मंडळाच्या सगळ्या ग्रुपवर आईचा फोटो फिरत होता. दर थोड्या वेळाने कोणीतरी हात जोडल्याचं चित्र पाठवत होतं. नंतर लक्षात आलं, आमचे ग्रुप म्हणजे सगळे आमच्यासारख्यांचेच. आई जिकडे गेली होती तिकडचा एकही माणूस त्यात नव्हता.

वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई चीले घेऊन आल्या. तांदळाच्या पिठाचे पातळ घावन आणि सोबत भाजलेल्या टोमॅटोची चटणी. "खा लो भैया, भूखे रहने से माताजी थोड़ी मिल जाएँगी," त्या म्हणाल्या. बाई मायेनंच बोलत होत्या. मी तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. आईला संध्याकाळची साखरेची गोळी जेवणाआधी लागते. ती जेवली असेल का, जेवली असेल तर गोळी नाही, गोळी नाही तर काय होतं, असं एकातून एक निघत गेलं. माझं डोकं तसंच चालतं.

"भोजलीकडे गेली असेल," मी म्हणालो.

"मलाही तेच वाटतं," ताई म्हणाली. "पण भोजली कोण? आडनाव माहीत नाही, घर माहीत नाही. ती जिवंत तरी आहे का?"

"नाव तर माहीत आहे. गुढियारीत जाऊन विचारू."

इथेच आमचं चुकलं, पण हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

गुढियारी

चौबे कॉलोनीतून गुढियारीला जायचं तर रेल्वेलाइन ओलांडावी लागते. रस्ता पुलाखालून आहे, पण पायी जाणारे सर्रास रुळांवरून जातात. सकाळी मी पुलाशी उभा राहून पाहिलं. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन, साडीचा काठ उचलून, रूळ ओलांडत होत्या. एक मालगाडी उभी होती आणि तिच्या खालूनही माणसं जात होती. आई लहानपणी अशीच जात असणार. आणि ह्या वयात, गुडघे धरलेले असताना, जुन्या सवयीने तिने तसंच केलं असेल तर? मी रुळांच्या कडेने बराच पुढे चालत गेलो. जांभळं लुगडं दिसू नये अशी प्रार्थना करत होतो. दगडांत अडकलेली एक फाटकी गोणी दिसली, तीही उलटून पाहिली.

गुढियारी म्हणजे मालाचा बाजार. तांदळाच्या पोत्यांचे ट्रक, हमाल, दाल-मिलची धूळ, आणि त्या सगळ्याच्या मागे दाटीवाटीचे पारे. पारा म्हणजे आपली आळी. मी गल्लीगल्लीतून "आई, आई" अशा हाका मारत फिरायला लागलो. पन्नाशीचा माणूस रस्त्यात आईला हाका मारतोय, ह्याची पुण्यात मला लाज वाटली असती. इथे वाटली नाही, पण दुसरंच झालं. एक पानवाला खाली उतरून आला आणि माझ्या मागे पाहायला लागला. "कौन आई, भैया?"

मी सांगितलं की आमच्या भाषेत आईला आई म्हणतात. तो म्हणाला, "अच्छा, माँ. हम समझे कोई आई है." तो माझ्याकडे अशा काही कळवळ्याने बघत होता की मला तिथून पटकन निघावंसं वाटलं. त्यानंतरही गल्लीत मी हाक मारली की दारं उघडत होती आणि लोक कोण आली ते बघत होते. हा अर्थ आईनेच मला हसत हसत सांगितला होता. आली, आली असं सगळ्या वस्तीत मी ओरडत फिरत होतो आणि ती कुठेच आलेली नव्हती.

मग हाका थांबवून मी विचारायला सुरुवात केली, "भोजली नाम की कोई बुजुर्ग महिला यहाँ रहती है?"

पहिल्याच दारातल्या बाईने मान डोलावली. "हव. काकर भोजली?"

कोणाची भोजली. मला वाटलं नवऱ्याचं नाव विचारतेय. म्हटलं, ते माहीत नाही. तिने खांदे उडवले. पुढच्या दारात तोच प्रश्न. त्याच्या पुढे एका पोरसवदा सुनेने मला हाताला धरून आपल्या घरात नेलं आणि आत आवाज दिला. काळीसावळी, कृश म्हातारी काठी टेकत बाहेर आली. "भोजली?" मी विचारलं. "हव," ती म्हणाली.  मी फोनवरचा फोटो तिच्या डोळ्यांपुढे धरला. तिने तो नीट पाहिला, फोन वर-खाली करून पाहिला, आणि मान हलवली. ओळखत नव्हती.

शेजारच्या गल्लीत आणखी एक भोजली निघाली. मग एक पोहे विकणारी निघाली, ती तर माझ्याहून लहान. मी मनाशी धरलं की इकडे हे नाव घरोघरी असणार, आपल्याकडच्या जुन्या कुसुम-शकुंतलांसारखं. शंभर भोजल्यांतून एक शोधायची, आणि तिचं वय, आडनाव, नवरा, काही म्हणता काही ठाऊक नाही. सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, कोणाची? आणि मी प्रत्येकाला सांगत होतो, माहीत नाही. उत्तर माझ्या हातातल्या फोनमध्ये फोटो होऊन बसलं होतं.

सरकारी दवाखाना

पोलीस ठाण्यातून फोन आला तेव्हा मी एका दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. हवालदार हळू आवाजात बोलत होता, आणि पोलीस हळू आवाजात बोलायला लागला की काय समजायचं ते मला कळतं. "एक बुजुर्ग महिला हैं, सर. पटरी के पास मिलीं. होश नहीं है. बाएँ हाथ में हरा गोदना है. आप आकर देख लीजिए."

भाऊजी ठाण्याच्या फेऱ्यांत अडकले होते. ताईला सांगायची माझी हिंमत झाली नाही. ऑटोत बसलो. वाटेत काय काय दिसलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की हवालदाराने काय घातलंय ते सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. विचारायला हवं होतं. जांभळं लुगडं नाही म्हणाला असता तर परत फिरलो असतो. पण जांभळंच आहे म्हणाला असता तर? त्यापेक्षा माहीत नसलेलं बरं, असं म्हणत मी ऑटोचा गज धरून बसलो.

वॉर्डाच्या टोकाला खाट होती. चेहऱ्यावर ऑक्सिजनचा मास्क, कपाळाला पट्टी, चादर गळ्यापर्यंत. चेहरा असा ओळखू येईना, आणि मी तो ओळखायला धजतही नव्हतो. मी नर्सला म्हटलं, "हाथ दिखाइए." तिने चादर सारली. हिरवं गोंदण होतं. मनगटापासून कोपरापर्यंत होतं, वेली, ठिपके, काय काय. आईच्या हातावर एवढासा एक मोर आहे.

"ये नहीं हैं," मी म्हणालो, आणि भिंतीला टेकलो.

नर्सने मला पाणी दिलं. गोंदणाची खूण सांगितली होती हे ऐकून ती म्हणाली, "भैया, यहाँ की तो हर दाई के हाथ में गोदना मिलेगा." दाई म्हणजे इकडे आई. आपल्याकडे दाई बाळंतपणाला येते, इथे ती खुद्द आईच असते. पुण्यात जी खूण लाखात एक वाटावी, तीच इथे प्रत्येक म्हातारीच्या हातावर होती. आम्ही पोलिसांना आईची खूण म्हणून जवळजवळ काहीच सांगितलं नव्हतं.

निघताना मी त्या बाईकडे पुन्हा पाहिलं. ती माझी आई नाही ह्याचा मला इतका आनंद झाला होता की त्या आनंदाचीच भीती वाटली. ती कोणाची तरी होतीच, आणि तिचं माणूस अजून तिथे पोचायचं होतं.

वानखडे काकू

घरी आलो तर ताईजवळ एक ठेंगण्या, ठसठशीत बाई बसल्या होत्या. शेजारच्या वानखडे काकू. यजमान रेल्वेतून निवृत्त, तीन पिढ्या रायपुरात. त्या मुलीकडे नागपूरला गेल्या होत्या, दुपारच्या गाडीने परतल्या आणि पिशवी घरात टाकून तशाच इकडे आल्या. मी त्यांना दिवसभराची कर्मकहाणी सांगितली, ह्या भोजलीची, त्या भोजलीची. त्यांनी मध्येच मला थांबवलं.

"भाऊ, तुम्ही भोजली नावाची बाई काहून शोधून राहिले?"

"आईची मैत्रीण आहे. भोजली नावाची."

"अहो, भोजली हे नाव नाहीच," काकू म्हणाल्या. "नातं आहे ते."

आणि त्यांनी सांगितलं. श्रावणात पोरी टोपलीत माती घालून गहू पेरतात, अंधारात ठेवतात, पिवळे पिवळे कोंब येतात. ती भोजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तळ्यावर नेऊन ती पाण्यात शिरवतात. "मंग दोन पोट्ट्या त्यातले कोंब एकमेकीच्या कानावर खोचतात. झाल्या त्या भोजली. जन्मभराच्या. एकीची माय ती दुसरीची माय. आन त्या दिवसापासून एकमेकीचं नाव म्हणून घ्यायचं नाही. ही तिले भोजली म्हणते, ती हिले भोजली म्हणते. मरेपर्यंत."

"मग तिचं खरं नाव?" ताईने विचारलं.

"ते तुमच्या आईच्या तोंडून कधीच नाही निघणार. आन तुमच्या आईचं नाव तिच्या तोंडून."

आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नात पोरीचं नाव बदलायचं हेही आपल्याकडचंच. इकडे मैत्रीत नाव जातं, आणि जातं ते दोघींचंही. आई इतकी वर्षं पुण्यात राहिली, बोली टाकली, सगळं टाकलं, पण मैत्रिणीचं नाव एकदाही उच्चारलं नाही. आणि आम्ही त्या पाळलेल्या मौनालाच नाव समजून दारोदार विचारत होतो.

"काकर भोजली," मी म्हणालो. "सगळे तेच विचारत होते."

"मंग? कोणाची भोजली ते सांगितल्याबिगर कोण सांगन? आता मले सांगा, क्वार्टर कोणतं होतं?"

त्याची एकच खूण ताईला माहीत होती. आई नेहमी सांगायची, क्वार्टरच्या मागच्या अंगणातून तळं दिसायचं. काकू उठल्याच. "चला. तरियावरच जाऊ. राखीच्या वक्ताले तिथंच झाल्या असतील ह्या भोजली."

तरिया हा शब्द ऐकला आणि मी उंबऱ्यातच थांबलो. मले तरियावर जायचं आहे. आई हे कितीतरी दिवस म्हणत होती. रूळ माझ्या डोक्यात आले होते, थंडी आली होती, साखर आली होती. पाणी आलं नव्हतं.

तरिया

उन्हं उतरली होती. तळ्याचा अर्धा भाग जलपर्णीने हिरवा झाला होता, उरलेल्यात घाटाच्या पायऱ्या उतरत गेल्या होत्या. मी पाण्याकडे पाठ करून उभा राहिलो. ताई मात्र थेट शेवटच्या पायरीपर्यंत गेली आणि पाणी निरखायला लागली. मला तिला हाक मारवेना. काठावर कोणाच्या तरी चपला होत्या. "त्या नाहीत," ताई तिथूनच म्हणाली. तिनेही तेच पाहिलं होतं.

घाटावर तीन-चार बायका भांडी घासत होत्या. काकूंनी त्यांना त्यांच्याच बोलीत विचारलं, "रेलवाई वाले मराठा बाबू के नोनी के भोजली कोन ए, दीदी?"

रेल्वेतल्या मराठी बाबूच्या मुलीची भोजली कोण. बस, एवढंच विचारायचं होतं. एकीने राखेने भरलेला हात वर करून पलीकडच्या पाऱ्याकडे दाखवला. "ओ मराठिन? काली ले आए हे न. अपन भोजली घर."

कालपासून आलीय. मला ते कळलं, पण विश्वास बसेना. मी काकूंच्या तोंडाकडे बघत राहिलो. "आहे तुमची आई," त्या म्हणाल्या. "चला."

घर घाटावरून दिसत होतं. निळा दरवाजा, पुढे कौलारू ओसरी, ओसरीत खाट. खाटेवर दोन म्हाताऱ्या, दोघींच्या खांद्यांवरून एकच गोधडी. मध्ये ताटली. जांभळं लुगडं.

ताई मटकन ओसरीच्या पायरीवरच बसली आणि रडायला लागली. मी पुढे झालो. दिवसभर जी हाक अख्ख्या वस्तीत मारत होतो ती मारली.

"आई."

तिने वर पाहिलं. नीट पाहिलं. घरी आलेल्या परक्या माणसाकडे बघतात तसं, अदबीने.

"कोण?" ती म्हणाली.

 जीव मुठीत धरून जिची एवढी वाट पाहिली ती समोर धडधाकट बसली होती, आणि मला कालपासून वाटलेल्या सगळ्या भीतींपेक्षा मोठी भीती तेव्हा वाटली. नंदू म्हणून सांगावं, तर नंदू कोण असंही ती विचारील. 

तेवढ्यात आतून घरची सून आली आणि काकूंशी बोलायला लागली. काल दुपारी ह्या आजी चालत आल्या, सासूबाईंना मिठी मारून बसल्या. आम्ही सासूबाईंना विचारलं, ह्या कोण? म्हणाल्या, माझी भोजली. नाव काय? "नइ लेवन," म्हणाल्या, नाव घेत नसतात. ह्यांना विचारलं, तुमचं नाव? तर ह्याही म्हणाल्या, भोजली. घर कुठे, तर म्हणाल्या इथेच, मागे, क्वार्टरमध्ये.

"पोलिसांना कळवायचं होतं ना," ताई रडता रडता म्हणाली.

सुनेला हे खरंच समजलं नाही. "घर म सगा आए हे, त पुलिस ला काबर बताबो?" घरी पाहुणी आली तर पोलिसांना कशाला सांगायचं? "लेगे बर कोनो न कोनो आबे करही," न्यायला कोणीतरी येईलच की. तिच्या दृष्टीने कोणी हरवलेलंच नव्हतं. आणि खरं तर तिचं बरोबर होतं.

खाटेवरची दुसरी म्हातारी इतका वेळ माझ्याकडे बघत होती. आता तिने हाताने मला जवळ बोलावलं, माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे फिरवलं. बोटं गार होती.

"तोर बेटा ए, भोजली," ती आईला म्हणाली. "मुँह ह तोर ददा कस हे."

तुझा मुलगा आहे. चेहरा तुझ्या बापासारखा आहे. माझे आजोबा मी कधी पाहिले नाहीत, घरात त्यांचा फोटोही नाही. ह्या बाईने त्यांना पाहिलं होतं, त्यांच्या अंगणात ती खेळली होती.

आई माझ्याकडे पाहत राहिली. आठवलं नाही तिला. आठवत असताना तिचं कपाळ कसं होतं ते मला माहीत आहे, तसं काही झालं नाही. मग ती मैत्रिणीकडे वळली, पुन्हा माझ्याकडे.

"भोजली म्हणून राहिली, तर असशीन," ती म्हणाली. आणि खाटेवर जरा सरकून जागा केली. "बस. जेवला का रे तू?"

म्हातारीने ताटली माझ्या हातात दिली. फरा होते, तांदळाच्या पिठाचे वाफवलेले, तिळाची फोडणी दिलेले लांबोडके गोळे. मी दोघींच्या मध्ये बसून खाल्ले. कालपासून पोटात काही नव्हतं. तीळ, हिरवी मिरची, नवीन तांदळाचा गोडसर वास, सगळं कळत होतं. काकूंनी मला सांगितलं की आता हिला तुम्ही दाई म्हणायचं. आईची भोजली ती आईच. मी वाकून नमस्कार केला आणि दाई म्हणालो, आणि ते तोंडातून सहज निघालं.

आई घरी यायला तयार नव्हती. शेवटी दाईनेच तिला उठवलं. "जा भोजली. इतवार के आबे." रविवारी ये. आईने ते ऐकलं आणि चपला घातल्या.

परत

आता ताई दर रविवारी आईला गुढियारीला घेऊन जाते, आणि मी तेव्हाच फोन करतो. इतर दिवशी केला तर आई फोनकडे बघून घाबरते. माझा अर्थ काय, हे आता ती विचारत नाही. मीही शोधणं थांबवलंय. नवा अर्थ कळायची मला भीती वाटते.

मी म्हणतो, "आई." तिकडून येतं, "कोण?" मी उत्तर देत नाही. ताईने शेजारी बसून सांगून पाहिलंय, आईला ते पटत नाही. मी कानाला फोन लावून थांबतो. मग दुसरा, जाडसर आवाज येतो. "तोर बेटा ए, भोजली." आणि आई म्हणते, "हो का? जेवला का रे?"

गेल्या रविवारी तो दुसरा आवाज आलाच नाही. खोकल्याची उबळ ऐकू आली, ती थांबेना. थंडीपासून दाईला खोकला आहे, वयच आहे, असं ताई मध्ये सहज म्हणाली होती. आईचं "कोण? कोण?" चालूच होतं. मी पुण्यात खिडकीशी उभा होतो, एका हाताने गज धरला होता. एका आईची भीती बाळगत मी रायपूरला गेलो होतो, दोघींची घेऊन परत आलोय. उबळ थांबली, कोणीतरी पाणी दिल्याचा आवाज आला, आणि दम खात खात दाईने तिला सांगितलं की मी तिचा आहे.